गिरणी परवडत नव्हती, जमीन मात्र परवडली! गिरणगावच्या 'पुनर्विकासा'चा हिशेब आणि आपण



गेल्या महिन्यात मध्य मुंबईतल्या एका जुन्या चाळीच्या पुनर्विकासाच्या बैठकीला गेले होते. बिल्डरच्या सल्लागाराने पडद्यावर आकडे दाखवले आणि तासाभरात पाच-सहा वेळा तरी एक शब्द वापरला. 'व्यवहार्य'. इतक्या मजल्यांचा टॉवर व्यवहार्य, इतक्या चौरस फुटांचे घर अव्यवहार्य, तळमजल्यावरच्या पिठाच्या गिरणीला आणि चांभाराच्या दुकानाला जागा देणे तर अजिबात व्यवहार्य नाही. मागे बसलेल्या एका आजींनी विचारले, "व्हवहार्य म्हंजे कुनाला परवडनारं, बाळा?" सगळे हसले. उत्तर कोणी दिले नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर मुंबईने एकदा देऊन झालेले आहे. गिरणगावच्या सुमारे सहाशे एकरांवर ते लिहिलेले आहे. जुने औद्योगिक भाग 'पुन्हा उभे' करताना कोणाचा नफा मोजला जातो आणि कोणाचे नुकसान हिशेबाच्या वहीतच येत नाही, हे समजून घ्यायला आपल्या तरुणांना लांब जायची गरज नाही. ज्या परळ-लोअर परळमध्ये बाबासाहेब वाढले, शिकले, ज्या पोयबावडीच्या बीआयटी चाळीत त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ संसार आणि चळवळ एकत्र चालवली, तोच हा भाग.

धोट्याचा विटाळ

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला मुंबईतली पहिली कापड गिरणी काढायचे ठरवले आणि १८५६ मध्ये ती सुरू झाली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत ताडदेव, भायखळा, लालबाग, परळ, वरळी, दादर असा पट्टा भोंग्यांनी भरून गेला. कोकण, सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, नगर इथून माणसे आली. त्यात आपली माणसेही मोठ्या संख्येने होती.

ती का आली, याचे उत्तर नुसते 'पोटासाठी' असे देऊन भागत नाही. मराठा-कुणबी कामगार शेत पुरेनासे झाले म्हणून आला, आणि गावातली दोन-चार गुंठे जमीन मागे ठेवून आला. महार माणूस महारकी सोडून आला. वेसकरीची काठी, मेलेले ढोर, पाटलाचा निरोप, वर्षाकाठी हात पसरून घेतलेले बलुते हे सगळे त्याने मागे टाकले. दर महिन्याला रोख पगार देणारी गिरणी ही त्याच्यासाठी गावगाड्यातून सुटायची वाट होती. बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर लिहिलेला निबंध आजही वाचण्यासारखा आहे. शेतीचे दुखणे तुकडे जोडून बरे होणार नाही, शेतीवर पडलेला जादा माणसांचा भार उद्योगांनी उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. गिरणी हे त्याचे जिवंत उदाहरण होते. म्हणून गिरणी बंद झाली तर काय होते, हेही त्याच निबंधातल्या तर्काने तपासायला हवे. त्याकडे पुढे येते.

पण गिरणीच्या फाटकातून जात बाहेर राहिली नाही. साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, पगार जास्त होता. तिथे धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून काढावा लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याला वापरावा लागे. त्यामुळे अस्पृश्यांना साळखात्यात घ्यायचे नाही, हा अलिखित नियम झाला. आपली माणसे सूत कातायच्या खात्यात, कमी पगारावर. काही गिरण्यांत पिण्याच्या पाण्याचीही वेगळी सोय. मालक पारशी, गुजराती किंवा इंग्रज, त्याला या विटाळाशी देणेघेणे नव्हते. पण स्वस्त मजूर मिळत होता, मग तो कशाला बोलेल? आणि सवर्ण कामगारांच्या पुढाऱ्यांनाही तो वर्गाचा प्रश्न वाटत नव्हता.

१९२८ मध्ये एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्यांचा मोठा संप चालला. त्या वेळी साळखाते अस्पृश्यांना खुले करा ही मागणी बाबासाहेबांनी लावून धरली आणि संपाच्या पुढाऱ्यांना तिची दखल घ्यावी लागली. १९२९ च्या संपाला त्यांनी उघड विरोध केला. यावरून त्यांना कामगारविरोधी म्हणणारे आजही भेटतात. त्यांनी १९३८ साल विसरू नये. फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांसमोर ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू त्यांनी एका दमात सांगितले, आणि ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून एक दिवसाच्या संपात उतरला.

हा इतिहास इतका लांबवला त्याला कारण आहे. गिरणगावचा पुनर्विकास सांगणारी बहुतेक पुस्तके आणि लेख 'गिरणी कामगार' हा एकच माणूस धरून चालतात. एकच माणूस कधीच नव्हता. आत शिरताना जो खालच्या पायरीवर होता, बाहेर पडतानाही त्याच्या हातात कमीच आले.

'आजारी' गिरणीचा इलाज

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, असे जुनी माणसे सांगतात. लाखाहून अधिक लोकांची नोकरी कायमची गेली.

संपामुळे गिरण्या मेल्या, हे वाक्य आपल्या डोक्यात पक्के बसवले गेले आहे. संपाआधीच मालकांनी यंत्रांवर खर्च करणे थांबवले होते आणि कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर विणून घ्यायला सुरुवात केली होती. तिथे मजुरी कमी, कामाचे तास जास्त, आणि मागांची लहान लहान शेडमध्ये विभागणी केली की कामगार कायदे लागूच होत नाहीत. म्हणजे कापडाचा धंदा महाराष्ट्रातून गेला नाही. तो संघटित कामगाराकडून असंघटित कामगाराकडे गेला. मुंबईत 'अव्यवहार्य' ठरलेले कापड भिवंडीत व्यवहार्य कसे होते, याचे उत्तर यंत्रात कमी आणि मजुरीत जास्त सापडते. गिरणगाव बदलले त्याचा पहिला प्रादेशिक परिणाम हा.

दुसरीकडे, गिरण्यांखालची जमीन सोन्याची झाली होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला. त्याची मूळ कल्पना वाईट नव्हती. आजारी गिरणीला जमीन विकता यावी, त्या पैशातून कामगारांची देणी द्यावीत, गिरणी आधुनिक करावी. बदल्यात जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग महापालिकेला मैदाने-बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी, आणि उरलेला मालकाला. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र आराखडा करण्यासाठी १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची समितीही नेमली गेली. सगळ्या जमिनींचा एकत्र विचार झाला तर शहराला मोकळ्या जागा, रस्ते आणि घरे मिळतील, ही त्या प्रयत्नामागची दृष्टी होती.

मग २००१ मध्ये नियम बदलला. बदल कागदावर दोन शब्दांचा होता, 'मोकळी जमीन'. समजा एखादी गिरणी पंधरा एकरांची आहे. जुन्या नियमाने पाच एकर पालिकेला, पाच म्हाडाला, पाच मालकाला. नव्या नियमाने आधी गिरणीच्या इमारतींनी व्यापलेली जागा बाजूला काढायची. ती बारा एकर भरली तर वाटणी फक्त उरलेल्या तीन एकरांची. पालिकेला एक, म्हाडाला एक, आणि मालकाला स्वतःच्या एकासह तेरा! इमारत पाडून तिथे टॉवर बांधला तरी ती जागा वाटणीत येत नाही. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर हा अर्थ नाकारला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. एका वाक्याच्या अर्थात शहराची मैदाने आणि कामगारांची घरे गेली.

मधल्या काळात, २००५ साली, वस्त्रोद्योग महामंडळाने मुंबईतल्या पाच गिरण्यांच्या जमिनी लिलावात विकल्या होत्या. ज्युपिटर २७६ कोटी, अपोलो १८० कोटी, एल्फिन्स्टन ४४१ कोटी, कोहिनूर क्रमांक तीन ४२१ कोटी, मुंबई टेक्स्टाइल ७०२ कोटी. बेरीज दोन हजार कोटींवर जाते. या गिरण्या सरकारी होत्या, म्हणजे जनतेच्या. त्या पैशातून बाकीच्या गिरण्या सुधारायच्या होत्या. टाटा, पोद्दार यांसारख्या मोजक्या गिरण्या कशाबशा २०२० च्या टाळेबंदीपर्यंत चालल्या. मुंबईच्या गिरणीला नवे आयुष्य मिळाले असे म्हणता येईल, असे काही माझ्या तरी पाहण्यात नाही.

इथे एक मुद्दा मला आपल्या वाचकांपुढे मुद्दाम ठेवायचा आहे, कारण तो कोणत्याही नगररचनेच्या पुस्तकात मी वाचलेला नाही. सरकारी मालकीच्या उद्योगात अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण असते. ती जमीन खासगी झाली, तिथे मॉल आणि कार्यालये आली, की त्या एकरांवरचे आरक्षणही संपले. विक्रीची किंमत ठरवताना हे नुकसान कोणी मोजले? जमिनीला प्रति चौरस फूट दर असतो. घटनेने दिलेल्या हक्काला दर लावणारा मूल्यनिर्धारक अजून जन्माला यायचा आहे.

नवीन रोजगार, कोणाला?

प्रामाणिकपणे सांगायचे तर आज लोअर परळला रोजगार नाही असे म्हणता येणार नाही. बँका, जाहिरात कंपन्या, वाहिन्या, हॉटेले आली. सकाळी प्रभादेवी स्टेशनवर उतरणारी गर्दी गिरणीच्या पाळीच्या गर्दीपेक्षा कमी नाही. त्या अर्थाने पुनर्विकास 'यशस्वी' आहे. पण त्या गर्दीत गिरणगावातले कोण आहे ते बघा. मी ज्या वस्त्यांमध्ये काम करते तिथली पोरे त्याच आवारात सुरक्षारक्षक आहेत, हाऊसकीपिंगला आहेत, दुचाकीवरून जेवण पोहोचवतात. ठेकेदार बदलला की नोकरी बदलते. आजोबा ज्या फाटकातून कामगार म्हणून आत जायचे, त्या फाटकावर नातू इतरांच्या पिशव्या तपासतो. आजोबांना युनियन होती, नातवाला ठेकेदाराचा मोबाईल नंबर आहे.

आणि ज्या शहरी सोयींच्या नावाने एक तृतीयांश जमीन मागितली होती, ती न मिळाल्याचे मोल कोणी दिले? २९ सप्टेंबर २०१७ रोजी परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनांच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. गिरणीच्या काळातल्या पायवाटांवर कार्यालयांच्या शहराची गर्दी सोडली होती. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिल आवारातल्या पबच्या आगीत १४ जण गेले. रस्ता, पूल, मोकळी जागा यांचा खर्च बिल्डरच्या अहवालात नव्हता, म्हणून प्रकल्प व्यवहार्य दिसला.

आता गावाकडचा परिणाम. १९८२ नंतर हजारो कामगार गावी परतले. मनिऑर्डरवर चालणारी कोकण आणि घाटावरची गावे एकाएकी उलट्या दिशेने पैसे पाठवू लागली. पण परत जाणे सगळ्यांसाठी सारखे नव्हते. ज्याचे गुंठाभर का होईना भाताचे खाचर होते, तो भाऊबंदांत वाटा मागू शकत होता. आपल्या बहुतेकांकडे जमीन नव्हती. महार वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली ती गुलामगिरी संपवण्यासाठी, आणि ते योग्यच झाले. पण त्या जमिनी सगळीकडे आपल्या ताब्यात राहिल्या असेही नाही. म्हणजे बौद्ध कामगाराने परत जायचे ते कुठे? ज्या पाटलाच्या दारातून त्याचा बाप उठून आला होता, त्याच दारात मजुरीला? बाबासाहेबांचा १९१८ चा तर्क इथे उलटा लागू होतो. उद्योगाने शेतीवरचा भार उचलला होता, बंद गिरण्यांनी तो पुन्हा शेतीवर टाकला, आणि सर्वांत जड वाटा भूमिहीनाच्या डोक्यावर आला.

माझे आजोबा खेड तालुक्यातले. सूतखात्यात बदली कामगार होते. संपानंतर ते गावी गेले नाहीत, कारण जाण्यासारखे काही नव्हते. नाक्यावर केळी विकली. घरासाठी अर्ज करताना १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर नाव असल्याचा पुरावा लागतो. बदलीवाल्याला आज काम तर उद्या नाही. त्यांचे तिकीट होते, ते २००५ च्या पुरात भिजून गेले. वडील तीन वर्षे एका कार्यालयात खेटे घालत राहिले. तिथल्या बाबूने एकदा सांगितले, "नाव सापडत नाही म्हणजे ते नव्हतेच." चाळीस वर्षे सूतखात्यात काढलेला माणूस 'नव्हताच'! बदली कामगार फक्त आपलेच होते असा माझा दावा नाही. पण ज्यांना जॉबरच्या ओळखीची, जातीची, गाववाल्यांची साथ कमी, त्यांना कायम व्हायला उशीर लागला, हे घराघरात ऐकायला मिळते. कोणी तरुण संशोधक यावर पीएच.डी. करत असेल तर मला जरूर भेटावे.

घरांचे आकडे बघा. २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरे होती. त्यानंतरच्या सोडती धरून सुमारे सोळा हजार. अर्ज दीड लाखाहून जास्त. उरलेल्यांना आता शेलू आणि वांगणीला घरे देऊ केली जात आहेत. जुलै २०२५ मध्ये म्हातारे कामगार आझाद मैदानावर जमले ते याच कारणासाठी, मुंबईत घर हवे म्हणून. बंद गिरणी कामगारांचा लढा उभा करणारे दत्ता इस्वलकर २०२१ मध्ये गेले. त्यांच्यासारख्यांनी रेटले नसते तर ही सोळा हजारही मिळाली नसती, हे मान्य केले पाहिजे.

आपण काय मागितले?

आता जे लिहिते त्यावर काही जण रागावतील. गिरण्यांच्या जमिनींपैकी एक जमीन आंबेडकरी समाजाने लढून मिळवली, चैत्यभूमीजवळची इंदू मिल. ६ डिसेंबर २०११ रोजी कार्यकर्ते आत घुसले, २०१२ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने साडेबारा एकर जमीन स्मारकाला देण्याची घोषणा केली, ऑक्टोबर २०१५ मध्ये भूमिपूजन झाले.  स्मारक 'व्यवहार्य' आहे का, असा अहवाल कोणी मागितला नाही. आपण संघटित होतो, म्हणून प्रश्नच बदलला. याचा मला अभिमान आहे. मी स्वतः त्या आंदोलनात होते.

पण त्याच २००१ च्या नियमाने बाकीच्या जमिनी जात असताना आंबेडकरी चळवळ म्हणून आपण कुठे होतो? गिरणी कामगारांच्या मोर्चात आपली माणसे होती, निळा झेंडा क्वचित होता. ज्या बाबासाहेबांनी साळखात्याची मागणी संपाच्या यादीत घालायला लावली, त्यांच्या अनुयायांनी म्हाडाच्या एक तृतीयांश वाट्याला आपला प्रश्न मानले नाही. 'ती कम्युनिस्टांची आणि सेनेची भानगड' असे म्हणून आपण बाजूला राहिलो.

"मग काय, भंगार यंत्रे चालवत बसायचे होते?" असा प्रश्न हमखास येतो. नाही. जर्मनीतल्या रुर खोऱ्याकडे बघा. कोळसा आणि पोलादाचा तो पट्टा आपल्या गिरणगावापेक्षा कितीतरी मोठा आणि तितकाच म्हातारा होता. तिथेही खाणी परवडेनाशा झाल्या. २००७ मध्ये ठरले की कोळशाचे अनुदान २०१८ पर्यंत संपवायचे, पण खाणकामगारांना धडाधड काढून टाकायचे नाही. लवकर निवृत्ती, दुसरे काम, टप्प्याटप्प्याने. शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. राज्याने निधी उभारून जुन्या कारखान्यांच्या जमिनी स्वतः घेतल्या, साफ केल्या. त्सोलफेराइन ही १९८६ ला बंद झालेली खाण आज जागतिक वारसा आहे. तिथे सगळे गोड आहे असे नाही, गेल्सेनकिर्शेनसारख्या शहरांत बेकारी अजून मोठी आहे. खर्चही प्रचंड झाला. पण तो खर्च मुळात वहीत लिहिला गेला. आपल्याकडे कामगार हा खर्चाचा रकाना होता आणि जमीन नफ्याचा.

नागपुरात जमशेटजी टाटांनी १८७७ ला सुरू केलेली एम्प्रेस मिल पुढे सरकारकडे आली, २००२ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागेवर मॉल उभा राहिला. आपल्या कितीतरी कुटुंबांचा चळवळीतला पहिला पैसा त्या गिरणीच्या पगारातून आलेला आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक कारखाने जाऊन आयटी पार्क आले. आता धारावी, जिथे चामड्याचे काम करणारे आपले चर्मकार बांधव आहेत. आणि बीडीडी चाळी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी मिळून २०७ इमारती, १६० चौरस फुटांच्या खोल्या, १९७४ च्या वरळी दंगलीचा आणि पँथरच्या रक्ताचा इतिहास. वरळीत पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळू लागल्या आहेत, आणि आनंद आहे. पण चाळीस मजल्यांचा देखभाल खर्च ठेक्यावरच्या पगारातून पुढची वीस वर्षे कोण भरणार, हा प्रश्न मी जिथे विचारते तिथे सभा शांत होते.

त्या चाळीच्या पुढच्या बैठकीची तारीख ठरली आहे. आम्ही पाच प्रश्न लेखी देणार आहोत. तळमजल्यावरच्या धंद्यांना जागा किती? पोटभाडेकरूंचे काय? दहा वर्षांनंतर देखभाल खर्च किती, आणि तो भरता न आल्यास घर कोणाचे? बांधकामात आणि नंतरच्या कामांत स्थानिक मुलांना थेट नोकरी, ठेकेदाराविना, किती? आणि ज्यांच्याकडे कागद नाही त्यांची शेजाऱ्यांच्या साक्षीवर नोंद घेणार का? ज्यांच्या घरी गिरणीचे तिकीट, पगाराची चिठ्ठी, ईएसआयचे कार्ड, भविष्य निर्वाह निधीची पावती असेल त्यांनी फोटो काढून ठेवावा, मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत वरच्या फळीवर ठेवावा. आजी येणार आहेत. त्यांनी सांगितले आहे की पहिला प्रश्न त्याच विचारतील.